हीटरचा पंखा फक्त चौथ्या गतीवर का फिरतो?

प्रश्न : आमचा 24 व्होल्टचा जुना ट्रक हिवाळ्यात कांदा घेऊन श्रीनगरपर्यंत जातो. केबिनमधल्या हीटरचा पंखा पहिल्या तीन गतींवर हलत नाही, चौथीवर मात्र जोरात फिरतो. वायरमनने रेझिस्टर (प्रवाह कमी करून पंख्याची गती घटवणारा भाग) बदलून दिला, पण थोड्याच दिवसांत तोही जळाला. आता तो मोटरच बदला म्हणतो. खरा दोष कसा ओळखावा?
— एक वाहनमालक, लासलगाव

उत्तर : वायरमनचे पहिले निदान बरोबर होते. अशा जोडणीत पहिल्या तीन गतींचा प्रवाह रेझिस्टरमधून जातो आणि चौथीचा थेट मोटरला मिळतो. त्यामुळे केवळ चौथी गती शिल्लक राहिली, की संशय प्रथम रेझिस्टरवरच घ्यावा. परंतु नवा रेझिस्टरही लवकर जळतो, तेव्हा त्याला जाळणारे कारण अजून गाडीतच आहे, असे समजावे.

हे कारण बहुधा मोटरमध्ये असते. मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश कोरडे पडले किंवा आत धूळ साचली, की मोटर जड फिरते, जास्त प्रवाह ओढते आणि तो सगळा रेझिस्टरला तापवतो. बॅटरीची जोडणी काढून पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सोडल्यावर काही फेरे सहज फिरला पाहिजे. अडकत, घासत किंवा लगेच थांबत असेल, तर मोटर दुरुस्त करावी अथवा बदलावी. हाताला हलका लागला तरी डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून चौथ्या गतीवरचा प्रवाह पाहावा आणि मोटरसाठी दिलेल्या आकड्याशी ताडावा. ही तपासणी न करता मोटर बदलण्याचा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण अनेकदा नजरेतून सुटते. रेझिस्टर हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, कारण पंख्याच्या वाऱ्यानेच तो थंड राहतो. त्या मार्गात पाला, कांद्याची टरफले किंवा उंदराचे घरटे अडकले असेल, तर मोटर निर्दोष असूनही रेझिस्टर जळतो.

रेझिस्टरला वायरी जोडणारा कपलरही उघडून पाहावा. प्लास्टिक वितळलेले किंवा पिना काळवंडलेल्या असतील, तर नवा रेझिस्टर जुन्या कपलरवर बसवू नये. अर्थ, म्हणजे मोटरचा प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, तपासताना पंखा चालू ठेवून मोटरची अर्थ वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अर्थची जोडणी घासून पुन्हा घट्ट करावी.

दुरुस्ती होईपर्यंत रेझिस्टरच्या जागी तार जोडू नये किंवा मोठा फ्यूज घालू नये. त्यातून केबिनला आग लागू शकते. थंडीसाठी बंद केबिनमध्ये शेगडी पेटवणे तर जीवघेणे आहे, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चालकाला हे आवर्जून सांगावे. नवा रेझिस्टर घेताना तो 24 व्होल्टचाच आणि तुमच्या मोटरला जुळणारा आहे, याची जुन्या सुट्या भागावरील क्रमांकावरून खात्री करून घ्यावी.