घरचं पडलेलं झाड चेनसॉने चिरून फळ्या काढणं हौशी सुताराला परवडतं का? कोणती चेनसॉ घ्यावी?

परवडत नाही. यंत्र, लांब बार (चेन ज्याच्याभोवती फिरते ती पट्टी), फळीची जाडी धरणारा सांगाडा आणि तीन चेन मिळून माझे लाखाच्या वर गेले. तेवढ्यात वखारीतून चिरलेलं, वाळलेलं लाकूड दारात येऊन पडलं असतं. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, 'सॉ मिलवाले म्हणतात चेनसॉने चिरणं म्हणजे लाकडाची नासाडी, हे खरं का?' त्या एका शब्दासाठी मी लिहायला बसलो. हाच शब्द मला माझ्या मामांनी ऐकवला होता, अंगणात, चार माणसांसमोर.

आमचं घर दापोली तालुक्यात, गाडीरस्त्यापासून ऐंशीएक पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आगरातल्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या, आंब्याची दोन झाडं गेली आणि गोठ्यामागचा बरका फणस मुळासकट आडवा झाला. आजोबांनी लावलेला. मी लॉकडाऊनमुळे पुण्यात अडकलेलो, गावात वीज नाही, फोन लागत नाही. ई-पास काढून पोचलो तोवर पानं सुकली होती. सूत लावून घेर मोजला, सात फूट. पहिल्या फांदीपर्यंत सरळसोट नऊ फूट खोड. वजन टनाच्या आसपास.

लाकूडवाला येऊन बघून गेला. त्याने सांगितलेला भाव सरपणाचा होता, आणि त्याच्या बाजूने ते बरोबर होतं. पाखाडीने वर न्यायचं तर तीन-तीन फुटांचे तुकडे करावे लागणार, मग त्या फणसाला सागाशेजारी कोण उभं करणार? मामांचं म्हणणंही तेच. त्यांची तीस वर्षं सॉ मिलमध्ये बँडसॉवर, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीवर गेलेली. म्हणाले, "तीन फुटांचे ओंडके कर, माणसं लावून वर चढव. मी मिलमध्ये उभा राहून एक नंबर कटिंग करून देतो. तुझं ते यंत्र अर्ध्या झाडाचा भुसा करील. नासाडी आहे ही."

आता हिशोब करू, कारण तेव्हा अंगणात तो मला करता आला नव्हता. चेनसॉ एका कापात साधारण ९ मिलिमीटर लाकूड खाते. बँडसॉ ३ मिलिमीटर धरा. सात फूट घेर म्हणजे सुमारे ६८ सेंटिमीटर व्यास. त्यातून दोन इंची फळ्या काढायला मला दहा काप घ्यावे लागले. चेनसॉचा भुसा ९ सेंटिमीटर, बँडसॉचा ३. फरक सहा सेंटिमीटरचा, म्हणजे एका फळीचा. मला नऊ फळ्या मिळाल्या, मामांना दहा मिळाल्या असत्या. पण माझ्या अखंड नऊ फूट लांबीच्या, त्यांची प्रत्येक फळी तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत. तीन फुटांत पाट होतो, चौरंग होतो. जेवायचं टेबल होत नाही, दरवाजाची चौकट होत नाही, झोपाळ्याची फळी होत नाही. आता नासाडी कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

यंत्राबद्दल. सुरुवातीला मी ऑनलाइन मिळणारी ५८ सीसीची घेतली. फांद्या तोडायला ती पुरेशी आहे. खोड लांबीने चिरायला लावलीत तर तापते, बंद पडते, आणि माझी तिसऱ्या कापात पिस्टन धरून बसली. आडवं तोडणं आणि लांबीने चिरणं यात फार फरक आहे. चिरताना इंजिन दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीने चालतं, मध्ये उसंत नसते. दीड फुटापर्यंतच्या खोडाला ७० सीसी चालून जाईल, दोन फुटांच्या वर ९० च्या घरातलंच घ्या. बार खोडापेक्षा निदान सहा इंच लांब हवा, कारण सांगाडा दोन्ही बाजूंनी बार खातो. मी ३६ इंची लावला. चेन चिरायची वेगळी मिळते. साध्या चेनच्या दाताला ३० अंशांची तिरपी धार असते, चिरायच्या चेनला १० अंशांची. ती नसेल तर गोल कानशीने साधी चेनच हळूहळू १० वर आणता येते. दर कापानंतर धार लावा. भुसा पिठासारखा पडायला लागला की चेन बोथट झाली, तिथेच थांबा.

पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर बसतात. मी ॲल्युमिनियमची सरळ शिडी खोडावर स्क्रूने बसवली आणि सांगाडा तिच्यावरून सरकवला. स्क्रू बारच्या वाटेत येणार नाहीत एवढे आखूड घ्या. काप दोनेक फूट पुढे गेला की मागे लाकडी पाचर ठोकत जा, नाहीतर वरची फळी बसते आणि बार आवळला जातो.

हे सगळं दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये. खोड पावसात पाच महिने पडून होतं. बाहेरचं पांढरं लाकूड किड्याने पोखरलं होतं, आतला गाभा मात्र जसाच्या तसा. पहिली फळी उचलली तेव्हा आत हळदीसारखा पिवळाधमक रंग होता. भुशाने माझा सदरा पिवळा झाला, तो अजून गेलेला नाही. चीक बारला चिकटतो, तो रॉकेलने पुसा. हाताला खोबरेल तेल लावायचं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

चौथ्या कापात चेनमधून ठिणग्या उडाल्या. बघतो तर दोन इंच आत लोखंडी कडी. आजोबा त्या फणसाला बैल बांधायचे, ती दाव्याची कडी झाडाने गिळून टाकली होती. चेनचे सहा-सात दात गेले. पण त्याच्या आधीच्या फळीवर त्या जागी काळी रेघ उमटली होती, ती मी पाहिली आणि सोडून दिली. घराजवळच्या झाडात लोखंड असणारच असं धरून चाला. काळा डाग दिसला की थांबून छिन्नीने बघा.

मामा त्या दिवशी गडग्यावर बसून होते. कडी निघाल्यावर म्हणाले, "मिलमध्ये पातं गेलं असतं तर मालकाने तुझ्याकडून भरून घेतलं असतं." एवढंच. दुपारी मी त्यांना माजघरात नेलं आणि वरची तुळई दाखवली. चौदा फुटांची, ऐनाची. विचारलं, "मामा, ही कुठल्या मिलमधून आली?" ती मामांच्या वडिलांनी चिरलेली आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लाकूड घोडीवर चढवून एक माणूस वर, एक खाली, मोठ्या करवतीने, झाड पडलं त्याच जागेवर. गाडीरस्ता तेव्हा नव्हताच. ओंडका माणसाकडे जात नव्हता, माणूस करवत घेऊन ओंडक्याकडे यायचा. मीही तेच केलं. मामा काही बोलले नाहीत. गणपतीत आले की त्या फणसाच्या टेबलावर जेवतात, आणि विषय निघाला की अजूनही 'एक फळी गेली' म्हणतात. एक फळी गेली हे मला मान्य आहे, नासाडी मान्य नाही.

एका बाबतीत ते बरोबर निघाले, तेही सांगतो. ते म्हणाले होते, मधोमधची नाभी, म्हणजे खोडाचं केंद्र, असलेली फळी ठेवू नकोस, फाटेल. मी सगळ्यात रुंद म्हणून तीच जपून ठेवली. दोन उन्हाळ्यांत ती टोकापासून टोकापर्यंत फाटली. नाभी काढून दोन फळ्या करा.

वाळवायचं सोपं आहे, वेळ मात्र लागतो. इंचाला एक वर्ष धरा. चिरल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, पडवीत सावलीत दर दीड फुटाला पट्ट्या देऊन रचा, वर वजनाला चिरे ठेवा. पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत. कोकणातल्या हवेत लाकूड पुरतं वाळतच नाही. पुण्यात नेणार असाल तर तिथल्या खोलीत तीन-चार महिने ठेवून मगच रंधा लावा. रंग पिवळा राहील अशी आशा ठेवू नका, वर्ष-दोन वर्षांत तो तपकिरी होतो, आणि माझ्या मते जास्त देखणा होतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. फणस, आंबा, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. झाड आपल्या जागेतलं असलं, वादळाने पडलेलं असलं, तरी चिरायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा. लाकूड दुसरीकडे न्यायचं तर वाहतूक परवान्याचंही तिथेच विचारा. आमच्याकडे पडझडीचा पंचनामा झाला होता, तो कामाला आला. दुसरं म्हणजे एकट्याने हे काम करू नका. चिरताना तोंड धुराजवळ असतं, वारा पाठीमागून घ्या. कानाला मफ, डोळ्यांवर जाळी, पायाला चेन अडवणारी चेनसॉची पँट, हे नसेल तर यंत्र सुरूच करू नका. चप्पल घालून चेनसॉ चालवणारे मी वाडीत पाहिलेत, त्यांच्याकडून शिकू नका.

झाडापर्यंत टेम्पो जात असेल तर सरळ सॉ मिलला द्या, मामांचा हिशोब तिथे बिनचूक आहे. नसेल जात, तर घेर किती, सरळ खोड किती फूट आणि जमीन उताराची की सपाट, एवढं कळवा. कोणतं यंत्र घ्यावं ते त्यावरून सांगतो.