ऐंशी लाखांचा गाऊन आणि आपला आरीचा ब्लाउज

प्रश्न : पॅरिसच्या शोमधला एक गाऊन 80 लाखांचा होता, असं मोबाईलवर वाचलं. कापडात सोनं विणलेलं असतं की काय? आमच्याकडे अस्सल रेशमी साडीसुद्धा पंधरा-वीस हजारांत मिळते.
— एक वाचक, शहापूर (बेळगाव)

सोनं नसतं. कापड भारी असतं, पण मुख्य खर्च त्याचा नव्हे, माणसांच्या तासांचा. गिऱ्हाइकाच्या मापाचा पुतळा आधी तयार होतो. साध्या शिंपी-पुतळ्यावर कापूस आणि पट्ट्या गुंडाळून बाईचे खांदे, पाठीचा बाक, एका बाजूची उंच कंबर हे सगळं हुबेहूब उतरवतात. त्यावर जाड्याभरड्या सुती कापडाचा कच्चा पोशाख बेततात. त्याला तिथं 'त्वाल' म्हणतात. तो अंगावर घालून टाचण्या लावायच्या, उसवायचा, पुन्हा बेतायचा. हे दोन-तीनदा झाल्यावरच खऱ्या कापडाला कात्री लागते. झुळझुळीत कापडांचे कारागीर वेगळे आणि कोट-जाकिटाचे वेगळे. भरतकाम, पिसं, कापडी फुलं यांच्या तर स्वतंत्र कार्यशाळा आहेत. 'लसाज' ही भरतकामाची पेढी 1924 पासूनची; आज ती शनेल या फॅशन कंपनीच्या मालकीची आहे.

साध्या सुटालाही शंभरावर तास सहज लागतात आणि दाट भरतकामाच्या गाऊनला पाचशे ते हजार, कधी त्याहून जास्त. आता हिशेब मांडू. युरो ढोबळ 100 रुपयांचा धरला तर 80 लाख म्हणजे 80,000 युरो. फ्रान्समध्ये साधं किमान वेतनच तासाला सुमारे 12 युरो आहे. मुरलेल्या कारागिराचा पगार आणि मालकानं भरायचे सामाजिक विम्याचे पैसे मिळून तासाला 40 धरू. सातशे तासांचे 28,000 झाले. किमतीत 20 टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असेल, तर तेरा हजारांवर त्यातच गेले. उरलेल्यात कापड, मणी, पॅरिसमधली जागा, शोचा खर्च आणि नाव. नावाचे पैसे थोडे नसतात, हेही खरं.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या बुटीकनं पाटीवर 'कूत्यूर' लिहिलंय. असं लिहिता येतं का?
— एक वाचक, निपाणी

'कूत्यूर' म्हणजे फ्रेंचमध्ये शिवणकाम. नुसतं 'कूत्यूर' कुणीही लिहितं. 'ओत कूत्यूर' हे बिरुद मात्र फ्रान्समध्ये 1945 पासून कायद्यानं राखीव आहे. ते मिळवायचं तर खासगी गिऱ्हाइकाच्या मापानं, अंगावर बसवून कपडे शिवावे लागतात. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा लागते, तिथं पूर्णवेळ कारागीर लागतात, आणि जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा संग्रह दाखवावा लागतो. बाहेरच्या देशांतल्या डिझायनरांना पाहुणे म्हणून बोलावतात. भारतातून राहुल मिश्रा 2020 च्या जानेवारीत तिथं पहिल्यांदा गेले.

प्रश्न : एवढे पैसे टाकून घेतं तरी कोण? नट्याच ना? आणि कंपन्यांना यात सुटतं किती?
— एक वाचक, खानापूर

नट्या बहुतेक वेळा विकत घेत नाहीत. रेड कार्पेटवरचा पोशाख उसना असतो, दुसऱ्या दिवशी परत जातो. खरं गिऱ्हाईक फोटोत दिसत नाही. जगभर मिळून ते काही हजारांच्या आत असल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. पूर्वी युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत घरच्या बायका होत्या. 1970 च्या दशकात तेलाच्या पैशामुळं आखाती घराणी आली, पुढं रशिया आणि चीन. आखातातल्या लग्नांत बायकांचा समारंभ वेगळा असतो. तिथले पोशाख बाहेर कुणाला दिसत नाहीत, पण पैसा तिथंच मोठा. काही जणी संग्रह म्हणूनही घेतात. मुना अयूब या अशाच एका संग्राहक बाईंकडचे शनेलचे पोशाख 2023 मध्ये पॅरिसला लिलावात निघाले होते.

गिऱ्हाइकाला यायला सवड नसेल तर कारागीरच मापाला विमानानं जातात. एकाच समारंभात दोघींच्या अंगावर तोच गाऊन दिसू नये म्हणून कुणी काय घेतलं याची नोंद दुकानात ठेवतात.

सुटण्याचं म्हणाल तर पोशाखांवर फारसं नाही. त्या झगमगाटावर अत्तरं, लिपस्टिक आणि पर्सा खपतात, आणि कमाई तिथं आहे.

प्रश्न : मुलीच्या लग्नाच्या ब्लाउजवर आरी वर्क करून घेतलं. शिवून आल्यावर छातीत घट्ट, बाहीला सुरकुत्या, आणि बाजूला उसवायला जागाच नाही. दुसऱ्या मुलीच्या वेळी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, टिळकवाडी (बेळगाव)

पॅरिसकडून उचलण्यासारखी गोष्ट हीच : कच्चा ब्लाउज आधी, भरतकाम नंतर. सव्वा मीटर मांजरपाट घ्या आणि धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटेल. त्याचा अस्तराशिवाय ब्लाउज शिवून मुलीला घालायला सांगा, आत लग्नाच्या दिवशी घालणार तेच अंतर्वस्त्र असू दे. हात वर करायला लावा, खाली बसवा. काखेत सुरकुती आली तर तिथंच टाचणी लावून पेन्सिलीनं खूण करा. मग तो उसवून त्याचाच साचा करायचा.

साच्याची रेघ भारी कापडावर कच्च्या दोऱ्यानं मारून घ्या. खडूची खूण अड्ड्यावर, म्हणजे भरतकामासाठी कापड ताणायच्या लाकडी चौकटीवर, पुसते. रेघेबाहेर चारी बाजूंनी किमान एक इंच कापड सोडा आणि न कापता ते अड्ड्यावर ताणा. भरगच्च काम झालं की कापड आत ओढलं जातं, पाव ते अर्धा इंच सहज. तुमचा ब्लाउज छातीत घट्ट झाला तो बहुधा याच कारणानं : माप बरोबर असेल, पण भरतकामानं खाल्लेलं कापड कुणी धरलं नसेल. अड्ड्यावरून उतरवल्यावर कापड रात्रभर सैल पडू द्यावं, सकाळी साचा पुन्हा ठेवून रेघ तपासावी, आणि मगच कापावं.

शिलाईच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच मणी नकोत. मशीनची सुई काचेच्या मण्यावर बसली की सुईच मोडते. चुकून मणी आलेच तर छोट्या पकडीनं फोडावेत. दोरा कापायचा नाही, कारण आरीचा टाका साखळीचा असतो. शेवटाकडून सुटला की अख्खी ओळ सरकत उसवते. जोड शिवून झाल्यावर रिकामी राहिलेली पट्टी हातानं भरून घ्यावी. लोक इथंच घाई करतात आणि नक्षी मधेच तुटलेली दिसते. बाजूच्या शिलाईत आत एक इंच ठेवायला आवर्जून सांगा.

तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर काम गणपतीच्या आधी द्या, दसरा-दिवाळीत चांगला आरीवाला मोकळा सापडणं कठीण. दर ठरवताना दोन ट्रायल त्यातच धरा आणि तसं पावतीवर लिहून घ्या. इस्त्री मात्र उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून, कमी तापावर. प्लॅस्टिकच्या टिकल्या गरम इस्त्रीनं आकसतात.