वाचक विचारतात : राष्ट्रपतींच्या सहीत दम किती?

प्रश्न : राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, असं आमच्या कट्ट्यावर सर्रास म्हणतात. मग घटनेने सगळा कारभार त्यांच्या नावाने का ठेवला? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : कलम ५३ ने कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींना दिली आणि कलम ७४ ने त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशी बांधलं. हा सल्ला बंधनकारक आहे असं मूळ घटनेत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ते १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आलं. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने त्यात एक फट ठेवली : राष्ट्रपती एकदा फेरविचार करायला सांगू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला, तर मात्र सही करावीच लागते.

ही ‘एकदा’ची सवलत किरकोळ वाटते, पण राष्ट्रपती नारायणन यांनी तिचं वजन दाखवून दिलं. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली. १९९८ मध्ये बिहारची शिफारसही परत गेली. १९९९ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा आली, तेव्हा मात्र त्यांनी सही केली. थोडक्यात, राष्ट्रपती सरकारला अडवू शकत नाहीत, पण कारण द्यायला लावू शकतात, आणि तेही चारचौघांत.

विधेयकांचं गणित वेगळं आहे. कलम १११ नुसार तीन वाटा आहेत : संमती देणं, संमती नाकारणं किंवा विधेयक परत पाठवणं. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) परत पाठवता येत नाही. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं (सरकारकडून आर्थिक लाभ मिळणाऱ्या पदाचं) विधेयक परत पाठवलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली. घटनेत न लिहिलेली चौथी वाट झैलसिंग यांनी वापरली. टपाल तपासण्याचा अधिकार सरकारला देणारं १९८६ चं विधेयक त्यांनी ना मंजूर केलं, ना परत पाठवलं, आणि त्याचा कायदा कधी झालाच नाही. अमेरिकेत असं बसून राहता येत नाही. तिथे रविवार सोडून दहा दिवसांत निर्णय झाला नाही आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू असेल, तर विधेयक आपोआप कायदा होतं. आपल्याकडे मुदतच नाही.

राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेल्या राज्याच्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं होतं. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयालाच १४ प्रश्न विचारले. अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या पाच जणांच्या पीठाने नोव्हेंबरमध्ये मत दिलं : न्यायालय अशी मुदत घालू शकत नाही. विलंब हेच या पदाचं खरं हत्यार आहे, असं आमचं मत आहे, आणि ते अजून शाबूत आहे.

प्रश्न : आणीबाणीच्या रात्री राष्ट्रपतींना नकार देता आला नसता का? – एक वाचक, महाल

उत्तर : मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे, एवढं नक्की विचारता आलं असतं. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांच्यासमोर फक्त पंतप्रधानांचं पत्र होतं. आज रात्री मंत्रिमंडळाची बैठक घेणं शक्य नाही, असं त्यात म्हटलं होतं, आणि गरज पडल्यास पंतप्रधानांना नियम बाजूला ठेवू देणाऱ्या, सरकारच्या कामकाज नियमांतल्या १२व्या नियमाचा आधार दिला होता. मंत्र्यांना बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. गंमत अशी की १९७१ च्या युद्धात जाहीर झालेली बाह्य (परकी आक्रमणाच्या कारणाची) आणीबाणी तेव्हा चालूच होती!

४४व्या दुरुस्तीने नेमक्या याच जागी टाके घातले. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा करता येत नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं. संसदेच्या मंजुरीची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आली आणि त्यासाठी विशेष बहुमत लागतं.

प्रश्न : नागपूरचे कोणी राष्ट्रपती झाले आहेत का? – एक विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : कार्यवाहक म्हणून, हो. मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हिदायतुल्ला २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात त्या पदावर होते. झाकीर हुसेन यांचं निधन झालं होतं आणि उपराष्ट्रपती गिरी निवडणूक लढवायला पायउतार झाले होते. अशा वेळी सरन्यायाधीशांनी काम पाहावं, हा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात झाला होता.

प्रश्न : राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचं मूल्य कसं काढतात? आणि सामान्य माणूस या निवडणुकीला उभा राहू शकतो का? – एक वाचक, काटोल

उत्तर : राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, भागिले हजार. महाराष्ट्रासाठी ५,०४,१२,२३५ ला २८८ ने आणि मग १,००० ने भागलं की १७५ येतात. नागपूर जिल्ह्याचे १२ आमदार म्हणजे २,१०० मतमूल्य. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही, आणि स्पर्धा परीक्षेत इथेच बरेच जण घसरतात. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२ मध्ये ७०० होतं.

मतपत्रिका खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी. निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचं पेनच वापरायचं, स्वतःचं पेन चाललं की मत बाद. उमेदवारांचा पसंतीक्रम अंकातच लिहायचा. देवनागरी १ चालतो, पण अक्षरी ‘एक’ लिहिलं तर मत बाद. मतदान गुप्त असतं, पक्षादेश काढता येत नाही.

उभं राहायला नागरिकत्व, ३५ वर्षं पूर्ण आणि लोकसभेला उभं राहण्याची पात्रता लागते. लाभाचं पद नको. अनामत १५,००० रुपये. खरी अडचण सह्यांची : मतदारांपैकी ५० सूचक आणि ५० अनुमोदक हवेत, म्हणजे शंभर आमदार-खासदार. एकाच मतदाराने दोन उमेदवारांच्या अर्जांवर सही केली, तर जो अर्ज आधी पोचला त्यावरचीच धरतात. म्हणून काठावर शंभर सह्या घेऊन अर्ज भरू नका, चार-सहा जास्तीच्या ठेवा.