जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करायला हौशी माणसाला घेतात का, आणि तिथे नेमकं काय काम असतं?

विचारणाऱ्यांनी लिहिलंय की ते मुंबईत राहतात, आयटीत नोकरी करतात, हातात कधी पाना धरलेला नाही, पण एखादं जुनं वाफेचं इंजिन परत उभं करणाऱ्या टीममध्ये फुकट काम करायची फार इच्छा आहे, तर असं कोणी घेतं का आणि मुंबईत हे जमण्यासारखं आहे का.

घेतात. मी स्वतः बँकेत हिशोबाचं काम करते, मेकॅनिकलशी माझा काडीचा संबंध नव्हता. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं यॉर्कशायरला होतो, तेव्हा तिथल्या एका हेरिटेज रेल्वेच्या, म्हणजे जुनी गाडी जपून चालवणाऱ्या रेल्वेच्या, शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी जायला लागले, आणि परत आल्यावर आता इथे मुंबईत एका खाजगी आवारात उभं असलेलं छोटं शंटिंग इंजिन (यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं) आम्ही काही जण मिळून सांभाळतो. दोन्हीकडची कामं पार वेगळी आहेत, आणि हा फरक आधीच कळलेला बरा, नाहीतर माणूस मोठ्या उत्साहाने येतो आणि महिन्याभरात यायचा बंद होतो.

ब्रिटनमध्ये ही चळवळ फार जुनी आहे. वेल्समधली टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे बंद पडायला आली होती ती १९५१ मध्ये हौशी लोकांनीच चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदा झालं. पुढे १९६८ ला ब्रिटिश रेल्वेने मेन लाइनवरची वाफेची इंजिनं बंद केली, हजारो इंजिनं भंगारात गेली, आणि त्यातली बॅरी या गावातल्या एकाच भंगारयार्डातून २१३ इंजिनं लोकांनी वर्गणी काढून सोडवून आणली. म्हणजे तिथे इंजिन संस्थेच्या किंवा गटाच्या मालकीचं असतं, रूळ त्यांचे, शेड त्यांची, त्यामुळे हौशी माणूस साफसफाईपासून सुरुवात करून, परीक्षा देत देत फायरमन, म्हणजे आग सांभाळणारा, आणि पुढे ड्रायव्हरसुद्धा होऊ शकतो. आपल्याकडे जुनी इंजिनं बहुतेक रेल्वेच्या नाहीतर संग्रहालयांच्या ताब्यात आहेत, ती चालवायचं आणि बॉयलर बघायचं काम रेल्वेचीच माणसं करतात. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये आजही वाफेवर इंजिनं चालतात, १८५५ चं फेअरी क्वीन नावाचं इंजिन १९९७ ला परत रुळावर आलं, तमिळनाडूत गोल्डन रॉक वर्कशॉपने निलगिरीच्या रेल्वेसाठी नवी कोरी वाफेची इंजिनं बनवली, म्हणजे कसब देशात आहे. पण तुम्ही-आम्ही बाहेरून जाऊन मुंबईत रविवारी इंजिन पेटवू असं होणार नाही, ते डोक्यातून काढा. मुंबईत हौशी माणसाचं खरं काम आहे ते उभ्या इंजिनाला सडू न देण्याचं. माझ्या मते ते पेटवण्याइतकंच मोलाचं आहे, कारण आज पत्रा गेला तर पुढे कोणाला पेटवायचं म्हटलं तरी हातात काहीच उरणार नाही.

आता काम काय असतं ते सांगते. तिकडे असो की इकडे, पहिले कित्येक महिने तुम्ही फक्त घासणार. इंजिनाच्या खाली, चाकांच्या मधे, तेल आणि कोळशाची भुकटी आणि धूळ मिळून एक काळा चिकट थर बसलेला असतो, बोटभर जाड, तो आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा, मग घासलेट आणि कॉटन वेस्ट घेऊन पुसायचा, मग वायर ब्रश, मग परत पुसायचं. लोकांना वाटतं हे नवीन माणसाला राबवून घ्यायचं काम आहे, तर तसं नाही, त्या थराखाली चीर असली तर दिसत नाही, आणि चीर शोधणं हाच उद्देश असतो. आणि कधीकधी दुसरंच काही सापडतं. वर्कशॉपमध्ये रॉडसारख्या भागांवर त्या इंजिनाचा नंबर ठोकून ठेवायची पद्धत होती. आमच्या इंजिनाचा एका बाजूचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा जोर चाकाला देणारा दांडा) साफ केला तर रंगाच्या थराखाली नंबर वेगळाच निघाला, म्हणजे कधीतरी त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाचा रॉड काढून याला बसवला असणार. ते दुसरं इंजिन आता कुठेही नाही, त्याचा एवढाच भाग शिल्लक. मी त्या नंबरावरून किती वेळ बोट फिरवत बसले होते. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, घासल्यामुळे कळलं, म्हणून घासायच्या कामाला कमी समजू नका.

बॉयलरबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण सगळा जीव तिथे आहे. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाला ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते, आणि इथे ती कोंडलेली असते, आपल्या ब्रॉडगेजवरच्या डब्ल्यूपी (प्रवासी गाड्यांच्या) आणि डब्ल्यूजी (मालगाड्यांच्या) इंजिनांमध्ये दाब चौरस इंचाला २१० पौंड असायचा. आत फायरबॉक्स म्हणजे आगीची पेटी, तिच्याभोवती पाणी, आणि आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना धरून ठेवायला शेकडो छोटे दांडे बसवलेले, त्यांना स्टे म्हणतात. यातला एखादा तुटला तर बाहेरून कळणार कसं? तर अनेक बॉयलरमध्ये स्टेला टोकाकडून एक बारीक भोक पाडलेलं असतं, स्टे आत तुटला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ झिरपते आणि लक्षात येतं. दुसरा उपाय हातोडीचा. कल्याणला एक निवृत्त बॉयलरमेकर काका आहेत, ते आमच्याकडे आले होते, त्यांनी फायरहोलमधून, म्हणजे कोळसा टाकायच्या तोंडातून, डोकं आणि एक हात आत घातला आणि छोट्या हातोडीने एकेका स्टेवर टक टक करत गेले, मला म्हणाले अगं कान दे इकडे, हा खणखणीत वाजतोय ना, आता हा ऐक, बद्द आवाज आलाय की नाही. आधी मला काहीच फरक कळेना, मग दहा-बारा ठोक्यांनंतर एकदम ऐकू यायला लागला आणि मग ऐकू न येणं शक्यच नव्हतं. बद्द वाजलेल्या प्रत्येक स्टेवर खडूने गोल केला. हे पुस्तक वाचून येत नाही हो, ती हातोडी त्यांच्या हातात असतानाच ऐकायला पाहिजे.

तिकडे पेटवायच्या इंजिनाचा बॉयलर साधारण दहा वर्षांनी पूर्ण उघडतात, सगळ्या ट्यूबा (आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्या) काढतात, आत गीझरच्या कॉइलवर बसतो तसा खार बसलेला असतो तो काढतात, पातळ झालेला पत्रा कापून नवीन जोडतात. मग हायड्रॉलिक टेस्ट. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवा अजिबात ठेवायची नाही, आणि पंपाने दाब वापरातल्या दाबापेक्षा बराच वर न्यायचा, बऱ्याचदा दीडपट. पाणीच का, तर पाणी दाबलं जात नाही जवळजवळ, त्यामुळे कुठे फुटलंच तर थोडं पाणी येतं आणि दाब लगेच खाली बसतो, तेच हवा किंवा वाफ असती तर स्फोट झाला असता. त्यानंतर तपासनीसासमोर वाफेची टेस्ट. यातल्या कशालाही हौशी माणूस स्वतःच्या मनाने हात लावत नाही, तुम्ही पाने द्यायचे, ट्यूबा उचलायच्या, आणि बघून शिकायचं.

आता मुंबई. इथे शत्रू दोन, पाऊस आणि खारा वारा. नोव्हेंबरमध्ये सकाळी स्वच्छ घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस पडलेला मी बघितलाय, तर पावसाळ्यात काय होत असेल विचार करा. पाणी धुरांड्यातून सरळ स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीत, पडतं, तिथे तळाला वर्षानुवर्षांची राख असते, त्या राखेत गंधक, पाणी मिसळलं की आम्ल तयार होतं आणि ते तळाचा पत्रा खालून खात सुटतं. वरून इंजिन मस्त काळंभोर दिसतं आणि आत बोट घातलं तर आरपार. म्हणून उभं इंजिन सांभाळायचं म्हणजे सगळ्यात आधी राख पूर्ण काढणं, धुरांड्यावर झाकण बसवणं, सिलिंडरचे ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायचे नळ, उघडे ठेवणं जेणेकरून पाणी साचणार नाही, रॉड आणि उघड्या भागांना ग्रीस लावणं, आणि चाकांखाली माती-गवत जमू न देता खडी ठेवणं. यात ग्लॅमर काही नाही, खर्चही फार नाही, आणि इंजिनाचं आयुष्य यानेच वाढतं.

याउलट होतं काय, तर कार्यक्रम जवळ आला की रंगारी बोलावतात. आमच्या इंजिनावरही असंच झालं होतं, गंजावरच ऑइल पेंट, पितळी पट्टीवर सोनेरी रंग, आणि घासून गुळगुळीत झालेले बेअरिंगचे भाग, ज्यांना रंग कधीच लावायचा नसतो, तेही लाल. गंज आतल्या आत चालू राहतो आणि फुगे येतात ते वेगळं, पण मला जास्त वाईट वाटतं ते मूळ रंगाचा पुरावा जातो याचं. खरं तर कुठलाही रंग काढण्याआधी एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासायची, मग एकाखाली एक रंगांची कडी दिसतात, सगळ्यात आतली पहिली, त्याचा फोटो काढायचा आणि मगच पुढे. रंगकाम दिवाळीनंतर होळीपर्यंतच करा, पत्रा साफ केला की त्याच दिवशी प्रायमर मारलाच पाहिजे, आणि जूनमध्ये डबा उघडूच नका.

एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या. बॉयलरच्या बाहेरच्या आवरणाखाली उष्णता धरायला जो थर असतो तो जुन्या इंजिनांमध्ये बऱ्याचदा अॅस्बेस्टॉसचा असतो. पांढरट-करडा भुसभुशीत काही दिसलं की हात काढा, झाडू नका, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. ते काढायला प्रशिक्षित माणसं लागतात. जुना शेंदरी प्रायमर शिशाचा असतो, तोही कोरडा घासू नका, मास्क लावून ओला करून घासा.

सुरुवात कशी करायची? आधी बघत फिरा. वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात जुनं इंजिन आहे, नेरळ-माथेरानला जा. माथेरानची चार मूळ इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची, ७३८ ते ७४१ नंबरांची, त्यातलं ७३८ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि ७४० थेट इंग्लंडला गेलंय. घाटातल्या त्या भयंकर वळणांसाठी त्यांच्या टोकाच्या चाकांना पोकळ आस होता आणि आत गोळ्याचा सांधा, त्यामुळे वळणावर चाकं बाजूला सरकायची, हे समजून घेऊन मग ते इंजिन बघायला गेलात तर वेगळंच दिसतं.

मग ज्यांच्या ताब्यात असं इंजिन आहे त्यांना साधं पत्र लिहा. आम्ही दुरुस्त करतो असं लिहू नका, घाबरतात. आम्ही फोटोंसह स्थितीचा अहवाल करून देतो, कुठे पाणी शिरतंय, कुठे पत्रा गेलाय, एवढंच लिहा. परवानगीशिवाय यार्डात किंवा रुळांवर मात्र पाऊल टाकायचं नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. आणि तुम्ही आयटीतले आहात ना, मग तुमची गरज सगळ्यात जास्त आहे. प्रत्येक नट काढण्याआधी फोटो, त्याला नंबर, तो कुठल्या डब्यात ठेवला त्याची शीट, हे काम फिटर लोकांना कंटाळवाणं वाटतं आणि ते नसेल तर दोन वर्षांनी इंजिन परत जोडता येत नाही. पुढे वाटलं तर आयटीआयमधून वेल्डिंग किंवा फिटिंगचा छोटा कोर्स करा.

अजून एक काम आहे ज्याला परवानगीही लागत नाही. मुंबईच्या लोकलला ३ फेब्रुवारी १९२५ पासून वीज आली आणि १९३० च्या आसपास घाट ओलांडून पुणे-इगतपुरीपर्यंत तारा गेल्या, त्यामुळे वाफेची माणसं शोधायची तर भुसावळ, दौंड, मनमाडच्या शेडमध्ये काम करून निवृत्तीनंतर कल्याण-डोंबिवलीला येऊन राहिलेले काका शोधा. ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ ला संपली, म्हणजे हे लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे बसा, फोनवर रेकॉर्ड करा, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलायचं यंत्र) कसा धरायचा, क्लिंकर (आगीत वितळून घट्ट झालेली राख) कसा फोडायचा, हातवाऱ्यांसकट व्हिडिओ घ्या. हे काम थांबण्यासारखं नाही, याच महिन्यात सुरू करा.

वेळ किती लागतो म्हणाल तर नोकरी सांभाळून महिन्यातले दोन रविवार पुष्कळ झाले, पण ते वर्षभर यायला हवेत. सुती जुने कपडे घाला, पॉलिस्टर नको, पुढे स्टील असलेले बूट घ्या. हिवाळ्यात रंगकामाला बरेच जण मिळतात, आम्हाला माणसं कमी पडतात ती जुलैत, कारण धुरांड्यावरचं झाकण जागेवर आहे का आणि ड्रेन कॉक तुंबलेत का हे तेव्हाच जाऊन बघावं लागतं.