लोणच्याची बरणी आणि पोर्सेलीनचा कप एकाच मातीचे असतात का?

नाही, बरणी स्टोनवेअर असते आणि तो पातळ पांढरा कप पोर्सेलीन, माती वेगळी. मी पॉटरी करते, भट्टी स्वतः लावते, त्यामुळे खात्रीने सांगते. माठ, कुंड्या, हडप्पाच्या मूर्ती हे टेराकोटा, साधारण १००० डिग्रीला भाजलेलं, सच्छिद्र राहतं म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. स्टोनवेअर १२०० च्या पुढे जातं, माती आतून घट्ट होते आणि मग लोणच्याचं खार-तेल झिरपत नाही. पोर्सेलीनला केओलिन ही पांढरी माती लागते आणि १३०० च्या आसपास आच, चीनमध्ये जिंगदेझेनला हे शतकानुशतकं बनत होतं पण युरोपला जमायला १८ वं शतक उजाडलं, जर्मनीत माइसेनचा कारखाना १७१० चा. घरी बघायचं तर भांडं उलटं करा, बुडाच्या कडेला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतो तिथे बरणीची करडी-बदामी खरखरीत माती दिसेल, पोर्सेलीनची कड पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत. कप उजेडासमोर धरून मागे बोटं हलवली की सावली दिसते, फक्त जाड पोर्सेलीनमधून ती दिसत नाही आणि बोन चायनातूनही (हाडांची राख मिसळलेली माती) दिसते, तेव्हा नुसत्या या टेस्टवर जाऊ नका.