जुन्या लष्करी विमानांचा नाद : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिके झाली, तेव्हा मी वडिलांना घेऊन गेलो होतो. सूर्यकिरण आणि सुखोई पाहून गर्दी हरखून गेली. वडील मात्र म्हणाले, की ही विमाने किंचाळतात. आमच्या लहानपणीची डकोटा आणि हार्वर्ड घुमायची, आणि ते घुमणे छातीत जाणवायचे. हा गेलेल्या दिवसांचा मोह समजायचा, की जुन्या विमानांच्या आवाजात खरोखरच काही वेगळे असते? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या वडिलांचे कान त्यांना फसवत नाहीत. डकोटा या पंख्याच्या वाहतूक विमानाचा आवाज आणि सुखोई या लढाऊ जेटचा आवाज यांत जातीचाच फरक आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो.

डकोटाला ‘ट्विन वास्प’ जातीची दोन इंजिने असतात. प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन वर्तुळांत मांडलेले असतात आणि त्यांची ताकद सुमारे १,२०० अश्वशक्ती असते. इंजिनाच्या दर फेरीला १४ पैकी ७ सिलिंडरांत इंधनाचा भडका उडतो. संथ उड्डाणात इंजिन मिनिटाला साधारण २,००० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला दोनशे तीसच्या आसपास भडके होतात. पंखा मात्र मधल्या गिअरमुळे याहून बराच सावकाश, मिनिटाला अकराशेच्या थोडा वर फिरतो. त्याला तीन पाती असल्यामुळे सेकंदाला सुमारे ५६ वेळा हवा कापली जाते. सेकंदाला ५६ कंपने म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्याच्या आवाजाहून जवळजवळ एक सप्तक खालचा स्वर. इतका खर्जातला आणि इतका जोरकस स्वर केवळ कानाने ऐकला जात नाही. त्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि छातीच्या पोकळीलाही कंप सुटतो. शिवाय बारीक स्वर हवेत लवकर विरतात, खर्ज मात्र लांबवर टिकून राहतो, म्हणून विमान दिसण्याच्या पुष्कळ आधी त्याची चाहूल लागते. आपल्या वडिलांच्या वेळची मुले घराबाहेर धावत येऊन आकाशात शोधू लागत, ती या चाहुलीमुळेच.

त्या घुमण्यात एक चढउतारही असतो. दोन इंजिनांचा वेग अगदी तंतोतंत सारखा क्वचितच असतो. एका पंख्याचा स्वर ५६ कंपनांचा आणि दुसऱ्याचा ५७ कंपनांचा असेल, तर दर सेकंदाला एकदा ते एकमेकांना बळ देतात आणि एकदा एकमेकांना क्षीण करतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित विलग असल्या की जी लाट ऐकू येते, तीच ही लाट. कुशल वैमानिक इंजिनांचे वेग जुळवत आणतो तसतशी ती लाट लांबत जाते आणि शेवटी एकसंध नाद उरतो.

हार्वर्डची गोष्ट निराळी. या प्रशिक्षण विमानाचे इंजिन ९ सिलिंडरांचे, सुमारे ६०० अश्वशक्तीचे. पण त्याचा पंखा गिअर न लावता थेट इंजिनालाच जोडलेला असतो. उड्डाण घेताना इंजिन मिनिटाला २,२५० फेऱ्या घेते, तेव्हा ९ फूट व्यासाच्या त्या पंख्याची टोके सेकंदाला सुमारे ३२३ मीटर वेगाने फिरत असतात. मुंबईच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४७ मीटर आहे. पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाच्या इतकी जवळ पोहोचली, की हवा निमूटपणे बाजूला होत नाही, ती फाटते. म्हणूनच एवढेसे दिसणारे हार्वर्ड उड्डाण घेताना आसमंत दणाणून सोडते. घुमण्याचा मान डकोटाचा, कडाडण्याचा हार्वर्डचा, असे मी म्हणेन.

संगीताची आवड असणाऱ्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जवळ येणाऱ्या विमानाचा स्वर चढा लागतो आणि दूर जाणाऱ्याचा उतरता, हे आपण शाळेत डॉप्लर परिणाम म्हणून शिकलो. विमान ताशी २५० किलोमीटर वेगाने, म्हणजे ध्वनीच्या एक पंचमांश वेगाने जात असेल, तर येतानाच्या आणि जातानाच्या स्वरांचे प्रमाण बरोबर तीनास दोन येते. हे पंचम आणि षड्ज यांचे प्रमाण आहे. जुनी पंख्याची विमाने याच वेगाच्या आसपास उडतात, त्यामुळे डोक्यावरून जाताना त्यांचा स्वर पंचमावरून घसरत घसरत षड्जाशी येऊन स्थिरावतो. या उताराने मनाला जे समाधान मिळते, त्याचे एक कारण मला यात दिसते.

जेट विमानाच्या गर्जनेत असा ठाम स्वर सहसा नसतो. त्याचा मुख्य आवाज मागच्या झोताचा. तो झोत स्थिर हवेत घुसून तिला घुसळतो आणि त्यातून सर्व पट्ट्यांतला कोलाहल एकदम उसळतो. ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले, की या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. झोताचा वेग दुप्पट झाला, तर आवाजाची शक्ती २५६ पट होते. हा आवाज मागच्या बाजूला तिरका फेकला जातो, त्यामुळे लढाऊ विमान येताना जवळपास नि:शब्द वाटते आणि पुढे निघून गेल्यावर गर्जना कोसळते. शिवाय ध्वनीला आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. विमान एक किलोमीटर अंतरावर असताना निघालेला आवाज आपल्याला जवळजवळ तीन सेकंदांनी ऐकू येतो आणि तेवढ्यात ताशी ७०० किलोमीटर वेगाचे विमान अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलेले असते. म्हणून मरीन ड्राइव्हवर अनेकांच्या माना आवाजाकडे वळतात आणि विमान भलतीकडेच सापडते.

आपल्या वडिलांच्या म्हणण्याला एवढीच पुरवणी जोडतो, की सर्वच जुनी विमाने घुमत नसत. नोव्हेंबर १९४८ मध्ये आपल्या हवाई दलात आलेले पहिले जेट, व्हॅम्पायर, शीळ घातल्यासारखे कर्कश वाजे. हंटर हे लढाऊ जेट विशिष्ट वेगात असताना तोफांच्या तोंडांवरून जाणाऱ्या हवेमुळे एक दीर्घ, कातर हुंकार काढी, आणि त्यासाठी जगभरचे विमानप्रेमी आजही त्याची आठवण काढतात. नाशिककरांना तर मिग-२१ वेगळे सांगायलाच नको. ओझरच्या कारखान्यात ती शेकड्यांनी तयार झाली, आणि १९६३ पासून सेवेत असलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले. अरुंद इंजिन आणि अतिवेगवान झोत, यामुळे त्याचा आवाज अंगावर येई.

राहिला प्रश्न रोमांचाचा. अभियंत्याच्या दृष्टीने आवाज म्हणजे वाया गेलेली शक्ती, आणि ती कमी करण्यासाठी त्याने आयुष्य वेचलेले असते. तरीही मला वाटते, की जुन्या विमानात यंत्र काय करीत आहे ते ऐकूनच कळते, आणि रोमांच त्यात आहे. भडके मोजता येत नाहीत, पण जाणवतात. वैमानिकाने वेग कमी केला, इंजिन जरा अडखळले, पंख्याचा कोन बदलला, हे सारे खालच्या माणसापर्यंत पोहोचते. त्यात स्मृतीची भर पडते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीच्या जवानांना घेऊन डकोटा विमाने श्रीनगरला उतरली. वेढ्यात अडकलेल्या पूंछमध्ये धान्य आणि दारूगोळा पोहोचवला तो डकोटांनीच. आणि २४ मे १९४८ रोजी हवाई दलाचे अधिकारी मेहर सिंग यांनी, नकाशावर धड मार्ग नसताना, डकोटा हिमालयापार नेऊन साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहला उतरवले. त्या दऱ्यांमधल्या माणसांसाठी हा नाद म्हणजे मदत आल्याची खूण होती. त्याला केवळ गोंगाट म्हणणे मला जमत नाही.

प्रश्न : विमानांच्या सरावाच्या वेळी माझे पाच महिन्यांचे बाळ दचकून उठले आणि कितीतरी वेळ रडत राहिले. १९७१ चा ब्लॅकआउट पाहिलेल्या माझ्या सासूबाईही अस्वस्थ झाल्या. आपण ज्याला रोमांच म्हणता, तो इतरांवर लादणे योग्य आहे का? — एक वाचक भगिनी, माहीम

उत्तर : आपली तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. वरच्या उत्तरातल्या उत्साहाने तिचे वजन कमी होत नाही.

श्रवणशक्तीपुरते बोलायचे, तर फार काळजी नसावी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास सोसता येतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असा सर्वमान्य हिशेब आहे; त्यानुसार १०० डेसिबलला १५ मिनिटे मिळतात. विमान डोक्यावरून काही सेकंदांत निघून जाते, आणि अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. दचकणे मात्र वेगळे. त्यात आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती अचानक वाढतो याला महत्त्व असते. पंख्याचे विमान हळूहळू जवळ येते, त्यामुळे बाळाला सावरायला वेळ मिळतो. जेटची गर्जना अर्ध्या-एक सेकंदात अंगावर येते. अशा दिवशी बाळाला खोलीच्या आतल्या बाजूला, खिडक्या लावून, मांडीवर घेऊन बसावे. कानात कापूस घालण्याचा फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांसाठी मिळणारी कानांवर बसवायची आच्छादने त्याहून पुष्कळ चांगली.

सासूबाईंच्या अस्वस्थतेला असा उपाय सांगता येत नाही. १९६५ आणि १९७१ मध्ये याच शहराने भोंगा वाजताच दिवे मालवले, तावदानांना काळे कागद चिकटवले. त्या रात्री ज्यांनी कान आकाशाकडे लावून काढल्या, त्यांना विमानाचा आवाज ऐकून हर्ष व्हावा अशी अपेक्षा आपण करू नये. त्यांच्याजवळ कोणीतरी बसून, काय चालले आहे ते आधी सांगितले, तर बराच फरक पडतो.

आयोजकांकडून दोन अपेक्षा ठेवणे मला गैर वाटत नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमाबरोबर सरावाच्याही वेळा मराठी वृत्तपत्रांत आधी ठळकपणे छापल्या जाव्यात. कारण लोक बेसावध असतात ते सरावालाच. आणि विमानांचा मार्ग शक्यतो समुद्रावरूनच असावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो. परळसारख्या रुग्णालयांनी भरलेल्या भागावरून खाली उडणे टाळावे, यासाठी खरे तर नियमाचा आधार घेण्याचीही गरज पडू नये.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. अशी जुनी विमाने मला कोठे पाहता आणि ऐकता येतील? — एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : उडती पाहायची असतील, तर हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या तुकडीकडे लक्ष ठेवा. तिच्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा आहेत. यातले डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये भारतात आले. त्याचे नाव ‘परशुराम’ आणि क्रमांक व्हीपी ९०५, म्हणजे श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डकोटाचा. ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाच्या सुमारास वेगवेगळ्या शहरांत प्रात्यक्षिके होतात, त्यांच्या बातम्या पाहत राहा.

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ‘मरुत’ उभे आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला घडलेले आणि १७ जून १९६१ रोजी प्रथम झेपावलेले हे आपले पहिले स्वदेशी लढाऊ जेट विमान. त्याला पाहायला पुष्कळ मुले जातात, पण थांबून वाचणारी थोडी. १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून झेपावलेल्या सी हॉक विमानांसाठी गोव्यात वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जावे लागेल. खुद्द ‘विक्रांत’ २००१ पासून काही वर्षे मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली, याचे मला आजही फार वाईट वाटते.

ऐकायचेच असेल, तर नौदल दिनाच्या निमित्ताने गेटवे ऑफ इंडियापाशी येणाऱ्या चेतक हेलिकॉप्टरकडे दुर्लक्ष करू नका. त्याचा मूळ फ्रेंच आराखडा १९५९ मध्ये प्रथम उडाला. संग्रहालयात जावे अशा वयाचे एक यंत्र अजूनही कामावर आहे आणि तेही आपल्या डोक्यावर.

प्रश्न : मी मोबाइलवर विमानांचा आवाज मुद्रित केला, पण घरी ऐकताना तो अगदी पोकळ वाटतो. असे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही, डकोटाचा ५६ कंपनांचा मूळ स्वर त्यात हरवतो आणि वरची भणभण तेवढी उरते. मुद्रणात तो काही अंशी असू शकतो, म्हणून चांगल्या हेडफोनवर पुन्हा ऐकून पाहा. दुसरी अडचण अशी, की मोबाइल आवाजाची पातळी आपणहून जुळवतो. दूरचा आवाज वाढवतो, जवळचा दाबतो, आणि त्यामुळे विमान जवळ येण्याचा चढ सपाट होऊन जातो. ही सोय बंद करता येणारी मुद्रणाची ॲप मिळतात, त्यांपैकी एखादे वापरावे आणि पातळी आधीच कमी ठेवावी, म्हणजे ऐन क्षणी आवाज फाटणार नाही. समुद्रकिनारी वारा माइकवर आदळतो, तो अडवण्यासाठी माइकवर स्पंजचे आवरण लावावे. मुद्रणाच्या सुरुवातीलाच तारीख, जागा, विमानाचे नाव आणि ते कोणत्या दिशेने आले हे स्वतःच्या आवाजात सांगून ठेवले, तर पुढे ते इतरांच्याही उपयोगी पडेल.