मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून पहिल्यांदाच नाशिकला वाईनरी बघायला जायचंय, वाईनमधलं काही कळत नाही, तीन दिवसांत सात वाईनरी होतील का?

होतील ओ, पण कशाला? दिवसाला दोन बास. त्यातली एक मोठी आणि एक लहान. टेस्टिंगमध्ये पाच-सहा प्रकार थोडे थोडे ओततात, ते दोन ठिकाणी झालं की जीभ बधीर होते आणि तिसऱ्या ठिकाणी तुम्हाला पांढरी कुठली आणि लाल कुठली एवढंच कळणार, ते पण रंग बघून.

त्यापेक्षा महिना नीट निवडा. तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीचं लिहिलंय ते कॅन्सल करा. आपल्या हवेत वेल थंडीत झोपत नाही, म्हणून छाटणी दोनदा करतात, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि माल काढायला येतो तो जानेवारी ते मार्च (तासगाव-पलूसकडं कोण पाव्हणं असतील तर त्यांना विचारा, ते तासभर सांगतील). मे महिन्यात जाणं म्हणजे हंगाम संपल्यावर गुऱ्हाळ बघायला जाणं, कढई दिसेल पण रस नाही. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी धरा, तेव्हा द्राक्षं वेलावर असतात, तोडणी चालू असते, आत टाक्यांत रस आंबताना वास येतो, तो वास एकदा घ्याच. पावसाळ्यात गेलात तर हिरवंगार दिसेल, फोटो भारी येतील, पण द्राक्षं नाहीत. आणि हो, २६ जानेवारीची सुट्टी जोडून जाऊ नका, ड्राय डे असतो, ३० जानेवारीलाही असतो. सुलाफेस्टचा (सुला वाईनरीतला गाण्यांचा उत्सव) वीकेंड पण टाळा, गाणी ऐकायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा हॉटेल मिळत नाही आणि शांतपणे कोण काय समजावून सांगणार?

जायचं कसं, तर गाडी घेऊन जाऊ नका असं माझं मत. पुणेमार्गे साडेचारशे किलोमीटरच्या घरात जातंय आणि चाकणला अडकलात की सगळा मूड जातो. रात्रीची स्लीपर बस पकडा, सकाळी नाशिक, आणि तिथं दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. हा खर्च अजिबात वाचवू नका. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, त्यापुढं पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही, आणि दोन टेस्टिंगनंतर "मला काय चढली नाही" असं सगळेच म्हणत असतात.

पहिल्या दिवशी आराम करून दुपारनंतर सुला. गर्दी असते, पोरंटोरं सेल्फी काढत असतात, तरी नवख्यानं तिथंच सुरुवात करावी कारण टूर व्यवस्थित असते, टाक्या, पिंपं सगळं दाखवतात. फक्त वीकेंड सोडून जा. दुसऱ्या दिवशी सोमा आणि यॉर्क, दोन्ही गंगापूरच्याच बाजूला, धावपळ नाही. यॉर्क आता सुलाकडेच आहे, २०२१ पासून, तरी जागा लहान आणि निवांत. तिसऱ्या दिवशी दिंडोरीला शांदों, ही बुडबुड्यांची वाईन, मात्र आधी बुकिंग करून जा, नाहीतर गेटवरून परत यायची वेळ. इगतपुरीकडची व्हॅलोने या वेळेला सोडा, ती उलट्या दिशेला पडते. त्र्यंबकेश्वर करायचं असेल तर तेवढ्यासाठी वेगळी सकाळ ठेवा, एकाच दिवसात दर्शन आणि टेस्टिंग घरच्यांनाही पटायचं नाही.

आता चवीचं. आपण द्राक्षं म्हणजे थॉम्पसन, सोनाका खाऊन मोठे झालो, त्यामुळं वाईन सरबतासारखी गोड असेल असं वाटतं आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. वाईनची द्राक्षं बारीक, बिया असलेली, सालीला जाड. आंबताना साखरेची दारू होते, सगळी साखर संपली की त्या वाईनला ड्राय म्हणतात. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतनं येतो, आतला गर जवळजवळ बिनरंगाचाच असतो. सुरुवात शेनां ब्लां या पांढऱ्या वाईनपासून करा, ती बऱ्याचदा जराशी गोडसर असते, मग सोव्हिन्यॉं ब्लां (ही पण पांढरी), मग रोझे म्हणजे गुलाबी, शिराझ आणि कॅबर्ने या लाल वाईन शेवटी. काय आवडलं नाही तर तसं सरळ सांगा, ओतणाऱ्याला रोजचं आहे ते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका, जाणकार लोक तेच करतात. उपाशी पोटी जाऊ नका, पण सकाळी तर्री मारून मिसळ हाणून पण जाऊ नका, तिखटानं जीभ पेटलेली असली की लाल वाईन नुसती कडू आणि जळजळीत लागते. घरी आल्यावर तांबड्या रश्श्याबरोबर प्यायचीच असेल तर तीच गोडसर शेनां ब्लां थंड करून.

बाटल्या घेतल्या तर बिल जपून ठेवा. गोव्याच्या बाटलीसारखी भानगड यात नाही, माल महाराष्ट्रातलाच आहे, तरी वाटेत कोणी विचारलं तर बिल हाताशी असलेलं बरं. बसच्या डिकीत टाकू नका, कपड्यात गुंडाळून सोबत ठेवा, आणि लाल वाईनसुद्धा उघडायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, कारण रूम टेम्परेचर म्हणजे १६-१८ डिग्री धरतात, आपल्या मार्चमधल्या खोलीचं नव्हे.

आणि फेब्रुवारीत तीन दिवस सलग जमतच नसतील तर नाशिक सोडा, अकलूजला फ्रातेल्ली वाईनरीला जा. कोल्हापूरहून पंढरपूरमार्गे, दोनशे किलोमीटरच्या वर, सांजोव्हेजे नावाचं इटलीचं द्राक्ष तिथं लावलंय. फोन करून बुकिंग आणि मुक्कामाचं ठरल्याशिवाय मात्र निघू नका, आसपास दुसरं काही नाही.